दिसायला सारखे, मूळ निराळे

(मराठी शिकताना ओळखीचा शब्द भेटला की आपल्याला आनंद होतो. उर्दूतला शब्द मराठीतही आहे, म्हणजे अर्थही तोच असणार, असे आपण धरून चालतो. पुष्कळ वेळा ते खरेही असते. पण काही शब्द फक्त दिसायला सारखे असतात. ते कोठून आले, हे या पाठात पाहू.)

नववीच्या वर्गातली एक मुलगी एके दिवशी फार गप्प होती. मधल्या सुट्टीत ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, एक मराठी वाक्य मला समजले नाही. म्हणजे समजले असेच वाटले होते."

तिची नानी आजारी होती. नानींना मराठी वाचता येत नाही, म्हणून दवाखान्यात ही मुलगीच बरोबर जाते. चिठ्ठी वाचायची, खिडकीवर बोलायचे, औषधाच्या वेळा लक्षात ठेवायच्या, ही सारी कामे तिची. तुमच्यापैकी किती जण घरच्या मोठ्या माणसांसाठी अशी कामे करतात, ते मला ठाऊक आहे. तर त्या दिवशी डॉक्टरांनी नानींचे रक्त तपासायला सांगितले. ही सगळी खोली वरच्या मजल्यावर. दाराशी बसलेल्या माणसाला मुलीने विचारले, तेव्हा तो घाईघाईने म्हणाला, "उद्या सकाळी या. रक्त खाली तपासतात."

मुलीने घरी येऊन सांगितले, "नानी, उद्या खाली पेट जायचे आहे."

दुसऱ्या दिवशी नानी चहाचा घोटही न घेता निघाल्या. दोघी वरच्या मजल्यावर, कालच्याच बाकावर, सकाळी आठपासून बसून राहिल्या. कोणी हाक मारली नाही. अकरा वाजता नानींना चक्कर आली. शेजारच्या एका बाईंनी त्यांना पाणी आणि दोन बिस्किटे दिली. चौकशी केली तेव्हा कळले, रक्त घेण्याची खोली तळमजल्यावर आहे, ती आता बंद झाली आहे, आणि या तपासणीला उपाशी राहण्याची गरजच नव्हती.

"सर," मुलगी म्हणाली, "अवघड शब्द असता तर मी पुन्हा विचारले असते. पण 'खाली' हा शब्द मला येत होता."

तिचे हे वाक्य मला फार खरे वाटले. जो शब्द येत नाही, तो आपल्याला थांबवतो. जो येतो असे वाटते, तो थांबवत नाही.

मराठीतला 'खाली' म्हणजे 'नीचे'. 'खालचा', 'खालून', 'खालावणे' हे त्याचेच भाऊबंद. तो मराठीच्या घरातच वाढलेला शब्द आहे. उर्दूतला 'खाली' अरबीतून आला. त्याचा अर्थ रिकामा. उर्दूत तो खे, अलिफ, लाम, ये असा लिहितात. मराठीतला 'खाली' उर्दू लिपीत लिहायचा झाला, तर काफ आणि दोचश्मी हे घ्यावे लागेल. म्हणजे उर्दू लिपीत हे दोन शब्द एकमेकांपासून लगेच ओळखू येतात. देवनागरीत मराठी लिहिताना आपण अक्षराखाली नुक्ता देत नाही, त्यामुळे दोन्ही एकच होऊन जातात.

गंमत अशी की पूर्वी देवनागरीतही थोडा फरक होता. जुन्या मराठी पुस्तकांत 'नीचे' या अर्थाचा शब्द 'खालीं' असा, शेवटी अनुस्वार देऊन छापलेला दिसेल. मराठी साहित्य महामंडळाने शुद्धलेखनाचे नवे नियम केले आणि १९६२ मध्ये शासनाने ते मान्य केले. त्या नियमांनी उच्चारात नसलेले असे अनुस्वार गेले. लिहिणे सोपे झाले, यात शंका नाही. पण 'खालीं'ची ओळखीची खूणही त्याबरोबर गेली.

आणि अरबी 'खाली' मराठीत मुळीच नाही, असेही नाही. 'जागा खाली करा' असे लोक म्हणतात. तबला शिकणाऱ्याला ताल मोजताना 'सम' आणि 'खाली' शिकवतात. ती खाली म्हणजे तालातली रिकामी जागा, तळमजला नव्हे.

ही हकीकत मी मुलीच्या परवानगीने, तिचे नाव न घेता, वर्गात सांगितली. मग मी फळ्यावर एक वाक्य लिहिले: 'दुकानदार दार उघडतो.' आणि विचारले, "या वाक्यात 'दार' किती वेळा आले?"

"दोन वेळा," सगळे म्हणाले.

"दोन्ही एकच आहेत का?"

मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "हो सर. दुकानाच्या दारात बसतो, म्हणून तो दुकानदार."

वर्ग हसला, पण मला त्याचे कौतुक वाटले. त्याने निदान विचार तरी केला होता. मी म्हणालो, "मग जमीनदार जमिनीच्या दारात बसतो का? आणि कर्जदार?" आता तोही हसू लागला.

मराठी 'दार' हा संस्कृत 'द्वार' या शब्दापासून झाला. 'दुकानदार', 'जमीनदार', 'हवालदार', 'सुभेदार' यांतला 'दार' फारसी आहे. फारसीत 'दाश्तन' म्हणजे जवळ बाळगणे, ठेवणे. त्यावरून 'दार' म्हणजे बाळगणारा, धारण करणारा. तो मराठीत इतका रुळला की 'भागीदार' या शब्दात तो संस्कृत 'भाग'च्या शेजारी निवांत बसला आहे.

मग एका मुलीने विचारले, "सर, दारुल उलूम मधला दार?" तो तिसरा. तो अरबी आहे आणि त्याचा अर्थ घर. दारुल उलूम म्हणजे विद्यांचे घर. आफ्रिकेत टांझानिया देशात समुद्रकाठी दार-ए-सलाम नावाचे मोठे शहर आहे. त्या नावातही हाच अरबी 'दार' आहे. शांतीचे घर असा त्या नावाचा अर्थ.

चौथा 'दार' तुम्हाला उर्दू शायरीत भेटेल. तेथे 'दार' म्हणजे फाशीचा खांब. हा फारसी शब्द मूळचा लाकूड किंवा झाड या अर्थाचा. आता हिमालयातल्या 'देवदार' वृक्षाचे नाव आठवा. ते संस्कृत 'देवदारु' पासून आले. 'दारु' म्हणजे लाकूड, देवदारु म्हणजे देवांचे लाकूड. फारसी 'दार' आणि संस्कृत 'दारु' हे एकाच मुळाचे शब्द आहेत. फाशीचा खांब आणि हिमालयातले उंच झाड यांचे नाते असेल, असे कोणाला वाटले असते?

हे चारही शब्द देवनागरीत 'दार'. उर्दू लिपीतही दाल, अलिफ, रे. येथे लिपी आपल्याला काहीच मदत करत नाही.

पण खरी नवलाची गोष्ट पुढेच आहे. मराठी 'दार'चा फारसीतला सख्खा नातेवाईक कोण? तो 'दार' नाहीच. तो आहे 'दर'. 'दरवाजा' मधला 'दर'. मराठीत आपण 'दारोदार फिरणे' म्हणतो, उर्दूत 'दर-ब-दर'. इंग्रजीतला 'डोअर' हाही याच कुटुंबातला. आणि 'दुकानदार'मधल्या फारसी 'दार'चे नाते संस्कृतच्या 'धृ' धातूशी, म्हणजे 'धारण', 'धारक' या शब्दांशी आहे. म्हणजे जे सारखे दिसतात ते परके, आणि जे जरा वेगळे दिसतात ते भाऊ.

हे नाते ओळखायचे कसे? नुसत्या तोंडावळ्यावरून नाही. भाषांचा अभ्यास करणारे विद्वान एका शब्दावर विश्वास ठेवत नाहीत. तोच फरक पुन्हा पुन्हा, ठरावीक रीतीने दिसतो का, ते पाहतात. संस्कृतमध्ये जेथे 'स' असतो, तेथे फारसीत पुष्कळदा 'ह' असतो. 'सप्ताह' आणि 'हफ्ता' पाहा. 'मास' आणि 'माह' पाहा. तसेच संस्कृतच्या 'क्ष'च्या जागी फारसीत 'श' येतो. संस्कृत 'क्षपा' म्हणजे रात्र, फारसीत 'शब'. संस्कृत 'क्षत्र' म्हणजे सत्ता, राज्य. फारसीत त्याचे झाले 'शहर'.

विल्यम जोन्स नावाचे एक इंग्रज न्यायाधीश कलकत्त्यात होते. त्यांनी आधी फारसीचे व्याकरण लिहिले होते, ते १७७१ मध्ये छापले गेले. पुढे ते संस्कृत शिकले. १७८६ साली एशियाटिक सोसायटीपुढे भाषण करताना त्यांनी सांगितले की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा कोणत्या तरी एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात, आणि जुनी फारसीही त्याच कुटुंबात बसवता येईल. अरबीचे घराणे मात्र अगदी निराळे. ती हिब्रू भाषेच्या कुटुंबातली. फारसीने अरबीकडून लिपी घेतली, हजारो शब्द घेतले, पण त्यामुळे ती अरबीची बहीण झाली नाही. उर्दू लिपीत वाचणाऱ्या आपल्याला हे लक्षात ठेवणे जरा कठीण जाते, कारण आपल्या डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात.

आता ईदच्या दिवसाकडे येऊ. आपल्या घरी शीरखुर्मा होतो. 'शीर' म्हणजे दूध, 'खुर्मा' म्हणजे खजूर. मराठीत 'शीर' म्हणजे रक्तवाहिनी, नस. 'हाताची शीर दिसते' असे म्हणतात. एखाद्या मराठी मित्राला शीरखुर्म्याचे निमंत्रण देताना हे लक्षात असू द्या! पण त्याच मित्राच्या घरी जी खीर होते, तिच्याशी आपल्या 'शीर'चे रक्ताचे नाते आहे. संस्कृत 'क्षीर' म्हणजे दूध. 'क्षीर'ची मराठीत 'खीर' झाली. आणि आताच पाहिलेल्या नियमाने फारसीत 'क्ष'च्या जागी 'श' आला, म्हणून 'शीर'. एकाच शब्दाची दोन लेकरे, एक मराठी घरात आणि एक आपल्या घरात.

उर्दू लिपीत 'शीर' लिहा आणि 'शेर' लिहा. दोन्ही वेळा शीन, ये, रे. दूध आणि वाघ-सिंह, दोघांची लिखावट एकच! मौलाना रूमी (१२०७ ते १२७३) यांनीही आपल्या मसनवीत या दोन शब्दांच्या सारख्या लिखावटीचा दाखला दिला आहे. तेव्हा हा गोंधळ काही फक्त आपल्याच वर्गातला नाही.

देवनागरीत 'शीर' आणि 'शेर' वेगळे झाले, पण तेथे 'शेर'भोवती दुसरी गर्दी जमली. एक शेर जंगलातला, तो फारसी. दुसरा शेर मुशायऱ्यातला, तो अरबी. उर्दूत तो शीन, ऐन, रे असा लिहितात. 'शायर' आणि 'मुशायरा' हे त्याच्या घरातले. तिसरा मराठीतला जुन्या वजनाचा शेर, ज्याला उर्दूत सीनने 'सेर' म्हणतात. ऐंशी तोळ्यांचा एक शेर, चाळीस शेरांचा एक मण. किलोच्या हिशेबात तो शेर सुमारे ९३३ ग्रॅम भरतो. १९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक मापे आणली आणि पुढे शेर दुकानातून गेला, पण म्हणीतून गेला नाही.

चाचणी परीक्षेत मी 'शेरास सव्वाशेर' या म्हणीचा अर्थ विचारला होता. एका मुलाने लिहिले, 'जंगलात एका सिंहाहून मोठा दुसरा सिंह असतोच.' आता याला गुण द्यावेत की नाही? म्हणीचा भाव त्याने बरोबर पकडला होता, फक्त तराजूच्या जागी जंगल आणले होते. मी अर्धा गुण दिला. तो मुलगा अजून उरलेला अर्धा मागतो. पण त्याने उर्दूतली 'सेर को सवा सेर' ही म्हण आठवली असती, तर पुरा गुण मिळाला असता. आपली भाषा कधी फसवते, तशी कधी वाचवतेही.

'आम' या शब्दाची हकीकत थोडक्यात सांगतो. आंब्याची बाग ती 'आमराई', आंब्याचा रस तो 'आमरस'. यांतला 'आम' संस्कृत 'आम्र' पासून आला. 'आमसभा' मधला 'आम' अरबी, ऐनने लिहायचा. त्याचा अर्थ सर्वांचा, सर्वसाधारण. 'आमसभा' हा शब्द प्रथम वाचला तेव्हा आंबे वाटण्याची सभा असेल, असे आमच्या एका विद्यार्थ्याला वाटले होते. आणि दवाखान्याच्या भिंतीवर 'आमांश' हा शब्द दिसतो. हा पोटाचा आजार. तो आंबे खाऊन होतो म्हणून त्याला आमांश म्हणतात, असे समजू नका. संस्कृतात आणखी एक 'आम' आहे. त्याचा अर्थ कच्चे, न पचलेले. तीन शब्द, तीन मुळे, आणि अक्षरे तीच.

येथे एक हुशार मुलगी म्हणाली, "सर, अर्थ निराळा असेल तर मूळ निराळे. अर्थ तोच असेल तर मूळही तेच. हे सोपे आहे."

सोपे असते तर बरे झाले असते. 'बदनाम', 'बदसूरत' यांतला 'बद' पाहा. फारसी शब्द, अर्थ वाईट. इंग्रजीतला 'बॅड' पाहा. अर्थ वाईट. फारसी 'बद' रोमन लिपीत लिहिला तर अक्षरेही तीच, बी, ए, डी. रूप तेच, अर्थ तोच, आणि तरीही या दोघांचे काहीही नाते नाही. फारसीतल्या शब्दाचे जुने रूप 'वद' असे होते. त्याचा 'व' मागाहून 'ब' झाला, जसे संस्कृत 'वात' म्हणजे वारा, तो फारसीत 'बाद' आहे. इंग्रजीत त्याच वाऱ्याला 'विंड' म्हणतात, म्हणजे तेथे 'व' टिकला आहे. इंग्रजी 'बॅड'मध्ये असा 'व' कधी नव्हता. दोन माणसे दोन गावांहून निघाली आणि योगायोगाने एकाच रंगाचे कपडे घालून एकाच बाकावर येऊन बसली, एवढाच हा प्रकार.

उलट बाजूही आहे. 'सही' हा शब्द मराठीत स्वाक्षरी या अर्थाने येतो आणि उर्दूत बरोबर या अर्थाने. अर्थ निराळे, पण मूळ एकच, अरबी 'सहीह'. कागद बरोबर आहे, अशी खूण करता करता ती खूणच 'सही' झाली.

मग शंका आली तर पाहायचे कोठे? मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी शब्दकोश १८३१ साली प्रथम छापला गेला आणि १८५७ मध्ये त्याची मोठी आवृत्ती निघाली. त्यात शब्दापुढे तो कोणत्या भाषेतून आला, त्याची खूण दिलेली असते. फारसी शब्दांसाठी माधव जूलियन यांचा फारसी-मराठी कोश आहे, तो १९२५ सालचा. हे माधव जूलियन म्हणजे कवी माधव पटवर्धन. ते स्वतः महाविद्यालयात फारसी शिकवत आणि मराठीत गझल लिहीत. आपल्या शाळेच्या ग्रंथालयात मोठा कोश नसेल, तर तालुक्याच्या वाचनालयात विचारा. मला तेथेच मिळाला.

त्या मुलीने या प्रकरणानंतर एक वही केली आहे. पहिल्या पानावर अर्थातच 'खाली'. परवा तिने वही दाखवली, तेव्हा 'बाज' या शब्दाचे पान भरलेले होते. उर्दूत बाज म्हणजे शिकारी पक्षी, ससाणा. 'दगाबाज'मधला बाज म्हणजे खेळणारा, फारसी 'बाख्तन'वरून. 'बाज आना'मधला तिसरा, त्याचा अर्थ मागे. आणि त्याखाली पेन्सिलीने चौथा अर्थ लिहिला होता: 'बाज म्हणजे खाट, सुंभाने विणलेली. मराठी.'

"हा कोणत्या कोशात सापडला?" मी विचारले.

"कोशात नाही सर. नानींनी सांगितला. लहानपणी त्यांच्या गावी शेजारच्या घरी बाज होती, त्यावर त्या झोपत."

स्वाध्याय

प्र. १. मुलीला 'खाली' या शब्दाचा अर्थ चुकीचा का वाटला? पूर्वीच्या शुद्धलेखनात तो कसा ओळखता आला असता?

प्र. २. पाठातील चार 'दार' उर्दू लिपीत लिहा. कोणत्या दोन भाषांतील शब्दांचे मूळ एकच आहे, ते सांगा.

प्र. ३. 'खीर' आणि 'शीर' यांचे नाते तुमच्या शब्दांत सांगा.

प्र. ४. 'जरा उशीर झाला' आणि 'जरा आणि मरण' या दोन वाक्यांशांतील 'जरा' शब्दाचे अर्थ शोधा. कोणता उर्दूतही आहे?

प्र. ५. घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारून असा एक शब्द मिळवा आणि वहीत लिहा.